फोटोला नोंदीची जोड हवी



आता घरोघरी मोबाईल आला आहे. १४ एप्रिलची मिरवणूक, दीक्षाभूमी, मुलाबाळांचे वाढदिवस, सगळ्याचे फोटो आपण काढतो. ते काढावेतच. परंतु याच यंत्राने एखाद्या मुलाला त्याचा हक्कही मिळवून देता येतो, याचा विचार आपण करावयास हवा.

अमेरिकेत लुईस हाईन नावाचा एक शिक्षक होता. १९०८ साली नोकरी सोडून तो राष्ट्रीय बालमजूर समितीसाठी फोटो काढू लागला. गिरण्या, कोळशाच्या खाणी, काचेचे कारखाने येथे हजारो मुले राबत होती. मालक आत येऊ देत नसत, म्हणून तो कधी बायबल विकणारा, कधी यंत्राचे फोटो घेणारा बनून जाई. मुलांची उंची तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजी. वय, काम, किती दिवसांपासून, हे सारे खिशातल्या कागदावर गुपचूप टिपून घेई. साऊथ कॅरोलिनातील एका कापड गिरणीतल्या मुलीची त्याची नोंद पाहा : उंची ४८ इंच, सहा महिन्यांपासून कामावर. ही चार फुटांची पोर यंत्रावर उभी होती!

मालक म्हणत, आमच्याकडे मुले नाहीतच. त्या फोटोंनी त्यांना खोटे पाडले. तरीही १९१६ चा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१८ साली रद्द केला. टिकाऊ कायदा व्हायला १९३८ साल उजाडले. म्हणजे फोटो निघाला की काम संपले, असे नव्हे. तीस वर्षे चिकाटी धरावी लागली.

हा झगडा चालू असतानाच, १९१३ ते १९१६ या काळात, बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे आपल्या संविधानात कलम २४ आले. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात, खाणीत वा धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही.

मग आपल्याकडे काय चालले आहे? ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. उचल नवरा-बायकोच्या नावावर असते. मोळ्या वाहणाऱ्या पोराचे नाव मुकादमाच्या वहीत कुठेच नसते. २०१६ च्या दुरुस्तीने शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा दिली आणि ‘मदत करतोय’ हे उत्तर सोपे झाले. मी कारकून माणूस. ज्याची नोंद नाही त्याची दाद कोणी घेत नाही, हे रोज पाहतो.

म्हणून तरुण मंडळांनी आणि महिला मंडळांनी हे काम हाती घ्यावे. फोटोसोबत तारीख, ठिकाण, काम, वय आणि शाळेत नाव आहे की नाही हे लिहावे. आधी मुलाला व आईबापाला विचारावे. त्यांना दरडावू नये, कारण उचलीने त्यांचेही हात बांधलेले असतात. मुलाचा चेहरा गावभर फिरवू नये. बालन्याय कायदा २०१५ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे. कोयता, मोळी, फुटलेले हात एवढे दिसले तरी पुरे. हा पुरावा गटशिक्षणाधिकारी, कामगार अधिकारी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्याकडे लेखी द्यावा व पोच घ्यावी. तातडी असल्यास १०९८ वर फोन करावा.

आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारावयास जावे. मूल वर्गात बसल्याची नोंद हजेरीपटावर दिसेल, तेव्हाच आपला फोटो कामी आला असे समजावे.