मिरवणूक कुणाची?

रविवारी सकाळी साडेसहाला नळस्टॉपच्या चौकात मी हात आडवा करून उभा होतो. मागून आमची शंभरेक सायकलींची रांग डेक्कनकडे निघाली होती. सिग्नल लाल झाला तरी ती तुटू द्यायची नाही, हे काम त्या दिवशी माझ्याकडे आलेलं. अंगात पिवळा टी-शर्ट, छातीवर 'सायकल चालवा, शहर वाचवा'. आडव्या रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "काका, मिरवणूक कुणाची?" मी हसलो. पुण्यात टोमण्याला उत्तर देण्यापेक्षा हसणं स्वस्त पडतं.

पण रिक्षाच्या पलीकडे नजर गेली आणि हसू मावळलं. तिथे काळी, उंच दांड्याची सायकल होती. हँडलला पिशवीत डबा, अंगावर रखवालदाराचा निळा शर्ट, एक पाय जमिनीला टेकवलेला. रात्रपाळी करून घरी निघाला असणार. दिवा त्याच्या बाजूनं हिरवा होता. तरी तो थांबला होता, कारण त्याला मी अडवलं होतं. सायकलस्वारांच्या हक्कासाठी!

वाट अशी अडवण्याला सायकलवाल्यांच्या जगात 'कॉर्किंग' म्हणतात. बाटलीला बूच मारावं तसं चौकाला माणूस मारायचा. या प्रकाराचं माहेर सॅन फ्रान्सिस्को. तिथे 25 सप्टेंबर 1992 च्या शुक्रवारी संध्याकाळी पन्नासेक जण घोळक्यानं सायकलवर घरी निघाले. पुढे दर महिन्याचा शेवटचा शुक्रवार ठरून गेला आणि फेरीला 'क्रिटिकल मास' हे नाव पडलं. नावामागची गोष्ट मात्र चीनमधली. तिथल्या बिनसिग्नलच्या चौकात सायकलवाले एकेक करून साठत राहत, पुरेसे जमले की सगळे मिळून रस्त्यात उतरत आणि मोटारींना थांबावंच लागे. एकट्याला जे जमत नाही ते घोळक्याला जमतं, एवढंच त्याचं तत्त्व.

तत्त्व खोटं नाही. सिग्नलला रांग तुटली की मधे मोटारी घुसतात आणि मागे राहिलेली नवखी मंडळी बावचळतात. म्हणून बूच लागतं. आमच्या फेरीत पंचावन्न वर्षांच्या एक बाई येतात. कॉलेज सुटल्यावर सायकल सुटली, ती या घोळक्याच्या आधारानं पुन्हा हाती आली. एकटीनं कर्वे रस्त्यावर सायकल घालायची त्यांची अजूनही छाती होत नाही. फेऱ्यांनी नुकसानच होतं असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्याशी पाच मिनिटं बोलावं.

पण अडकलेल्या मोटारवाल्याच्या डोक्यात काय चालतं, हेही पाहायला हवं. 'रस्त्यांची आखणी चुकली आहे' असं काही त्याच्या मनात येत नाही. त्याच्या मनात येतं, 'हे सायकलवाले माजलेत'. हा राग तो सोमवारी काढतो. सोमवारी रस्त्यावर आम्ही नसतो, आमच्या सायकली गॅलरीत असतात. रस्त्यावर असतो तो डबेवाला रखवालदार. हॉर्न त्याच्या कानाशी वाजतो, आरसा त्याच्या कोपराला घासून जातो. सॅन फ्रान्सिस्कोतही जुलै 1997 मध्ये फेरी हजारोंच्या घरात गेली, महापौर विली ब्राउन आणि सायकलवाले यांच्यात जुंपली आणि एका संध्याकाळी शंभरावर लोक पकडले गेले. त्या फेरीला पुढारी नव्हता, ठरलेली मागणीही नव्हती. तेच तिचं वैशिष्ट्य म्हणून मिरवलं जाई. पण मागणीच नसेल तर अडकलेल्या माणसानं मान्य तरी काय करायचं?

याउलट ॲम्स्टरडॅम पाहा. नेदरलँड्समध्ये 1971 या एका वर्षात रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, त्यांनीही वाट अडवली. पण त्यांच्या चळवळीचं नावच होतं, 'मुलांचे बळी थांबवा'. ज्याला अडवलं त्याच्याही घरी मूल होतं. बुडापेस्टनं तर फेरीचा सणच केला. 2004 च्या सप्टेंबरात काही हजार लोकांनी सुरू झालेली फेरी 2008 च्या एप्रिलमध्ये 80,000 च्या आसपास गेली. पुढे लहान मुलांच्या खुर्च्या, मागे आजोबा, शेवटी सगळ्यांनी सायकली डोक्यावर उचलायच्या. तेव्हा वर्षातून दोनदा, तारीख आधीपासून ठाऊक.

ठाऊक असण्याला फार मोल असतं. आषाढीच्या आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा अर्धं शहर बंद असतं. कुरकुर होते, पण कुरकुरणाराच कोपऱ्यावर केळी वाटताना दिसतो. दिंडीत त्याची आत्या असते, गावाकडचा चुलता असतो. रस्ता कुणासाठी अडलाय हे त्याला माहीत असतं आणि तो 'कुणी' त्याचा असतो.

आमच्या रांगेत त्याचं कोण आहे? हेल्मेट, गॉगल, घट्ट चड्ड्या आणि स्कूटरपेक्षा महाग सायकली. एके काळी या शहराला सायकलींचं शहर म्हणत ते आमच्यासारख्यांमुळे नव्हे. कारखान्याच्या भोंग्याला पायडल मारणाऱ्यांमुळे, पेपरच्या गठ्ठ्यांमुळे, दुधाच्या किटल्यांमुळे म्हणत. 2017 साली महापालिकेनं सुमारे 800 किलोमीटर सायकलमार्गांचा आराखडा मंजूर केला. आज जे तुकडे दिसतात त्यांवर गाड्या लागतात, भेळेच्या गाड्या उभ्या राहतात. आमची फेरी त्यांच्या शेजारून, मुख्य रस्त्यानं, जोशात जाते. एका रविवारी तरी त्या अडलेल्या मार्गावरच थांबून 'एवढा मोकळा करा' म्हणावं, असं आम्हाला सुचलेलं नाही. तेवढं म्हटलं असतं, तर रखवालदाराला अडवल्याचं काही कारण तरी सांगता आलं असतं.

घोळका वाईट नाही. घोळक्याला काय हवंय आणि तो कुणाच्या वतीनं बोलतोय, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. नाहीतर ती व्यायामाची मिरवणूक.

गेल्या रविवारी त्याच चौकात मी बूच व्हायला नकार दिला. दिवा लाल झाला, रांग तुटली. साठ पुढे गेले, चाळीस माझ्याबरोबर मागे. "आता?" एकानं विचारलं. "थांबायचं," म्हटलं. त्या बाई माझ्या शेजारीच होत्या, दोन्ही पाय जमिनीवर, ब्रेक घट्ट धरलेला. सगळे गुमान उभे राहिलो. आडव्या रस्त्यावरून एक बस गेली, दोन दुधाच्या गाड्या गेल्या. मागून आलेला रिक्षावाला आमच्या शेजारी थांबला, रिकाम्या होत चाललेल्या चौकाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"काय काका," तो काळजीनं म्हणाला, "पंक्चर का?"