विश्लेषण : ‘बायोडिग्रेडेबल’ स्टेंट खरंच विरघळतो का?

लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरहून ॲन्जिओप्लास्टीसाठी अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठणाऱ्या कुटुंबाला अनेकदा काही मिनिटांत होकार द्यावा लागतो. त्या घाईत ‘बायोडिग्रेडेबल’ शब्द कानावर पडला, की वाटतं हा विरघळणारा स्टेंट, म्हणजे चांगलाच असणार. पण तसं आहे का?

विरघळणं म्हणजे काय?
असे स्टेंट बहुधा पॉलिलॅक्टिक ॲसिडचे असतात. शरीरातल्या पाण्यामुळे त्याच्या साखळ्या हळूहळू तुटतात आणि शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड उरतो. ऑपरेशनमधले विरघळणारे टाके याच कुळातले. ते कित्येक दशकं वापरात आहेत.

मग स्टेंटचं काय बिनसलं?
ॲबॉट कंपनीचा ‘ॲब्सॉर्ब’ २०१२च्या अखेरीस भारतात आला. तो सुमारे तीन वर्षांत विरघळणार होता. मात्र हा पदार्थ धातूइतका मजबूत नसल्याने स्टेंटच्या तारा जवळपास दुप्पट जाड, सुमारे १५० मायक्रॉनच्या ठेवाव्या लागल्या. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला. दोन वर्षांत हृदयाच्या गंभीर तक्रारी ‘ॲब्सॉर्ब’च्या ११ टक्के, तर धातूच्या स्टेंटच्या ७.९ टक्के रुग्णांत दिसल्या. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं प्रमाणही जास्त होतं. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने त्याची जगभरातली विक्री थांबवली.

किमतीचं काय?
फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने (एनपीपीए) औषध सोडणारे धातूचे आणि विरघळणारे स्टेंट एकाच गटात ठेवून कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. २०२५ मध्ये ही मर्यादा सुमारे ३९ हजार रुपये होती, जीएसटी वेगळा. म्हणजे ‘विरघळणारा’ म्हणून मर्यादेबाहेर पैसे मागता येत नाहीत.

आज हा शब्द कशासाठी वापरतात?
बहुतेक वेळा ‘बायोडिग्रेडेबल पॉलिमर’ स्टेंटमध्ये विरघळतो तो फक्त औषधाचा लेप. सांगाडा धातूचाच असतो आणि कायम राहतो. पूर्ण विरघळणारे, पातळ तारांचे नवे स्टेंटही आले आहेत. वापीच्या मेरिल कंपनीचा ‘मेरेस १००’ त्यांपैकी एक.

रुग्णाने काय करावं?
डॉक्टरांना विचारा : सांगाडा विरघळतो की फक्त लेप? स्टेंटचं नाव आणि किंमत बिलात वेगळी दाखवणार का? आणि स्टेंट कोणताही असो, गुठळी रोखणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.