गाठ तीच, स्वभाव निराळा

इंदूरला राहणाऱ्या माझ्या आत्याला वयाच्या ५८ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झाले, रेडिएशन झाले आणि शेवटी डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. पाच वर्षे घ्यायची. त्याच सुमारास तिच्या गल्लीतल्या एका वहिनींवरही याच आजाराचे उपचार चालू होते. त्यांना केमोथेरपी झाली, केस गेले आणि त्यावर दर तीन आठवड्यांनी एक महागडे इंजेक्शन, तेही वर्षभर. आत्याच्या मनात संशय शिरला. एके दिवशी फोनवर म्हणाली, ‘‘अगं, त्यांना एवढी इंजेक्शनं आणि मला नुसती गोळी? मला स्वस्तात तर नाही ना वाटेला लावलं? आणि गाठ काढून टाकली, मग गोळी तरी कशाला? दोन महिने झाले, मी बंदच केलीय.’’

शेवटचे वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तिला फाइल उघडायला लावली. तपासणीच्या रिपोर्टमध्ये तीन छोट्या ओळी होत्या : ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. तिच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या तीन ओळींत होती. पण त्या तिला कुणी समजावून सांगितल्याच नव्हत्या.

आपल्या देशातल्या स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कॅन्सर स्तनाचाच आहे. म्हणूनच या तीन ओळींचा अर्थ प्रत्येक घरात ठाऊक असायला हवा.

पेशीच्या दारावरचे कुलूप

आपल्या शरीरातील पेशींना वाढण्याचे, थांबण्याचे निरोप रक्तातून मिळत असतात. हे निरोप घेण्यासाठी पेशीत खास प्रथिने असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. रिसेप्टर हे कुलूप समजा आणि हार्मोन ही त्याची किल्ली. किल्ली बसली की पेशीला वाढीचा हुकूम मिळतो. इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे कुलूप म्हणजे ईआर आणि प्रोजेस्टेरॉनचे पीआर. कॅन्सरच्या पेशींत ही कुलपे असतील, तर ती गाठ शरीरातल्याच हार्मोनवर पोसली जाते. स्तनाच्या कॅन्सरच्या दर चारांपैकी जवळजवळ तीन गाठी अशा असतात.

हे नाते पहिल्यांदा दिसले ते ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनला. आजार फार पुढे गेलेल्या काही स्त्रियांची अंडाशये त्यांनी काढली, तेव्हा स्तनातल्या गाठी आक्रसल्या. १८९६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पण असे सगळ्याच रोग्यांत घडत नव्हते. का, याचा उलगडा व्हायला साठहून अधिक वर्षे लागली. शिकागोच्या एलवुड जेन्सन यांनी इस्ट्रोजेनचा रिसेप्टर शोधला आणि कोडे सुटले : ज्या गाठीत कुलूपच नाही, तिला किल्ली काढून घेतल्याने काय फरक पडणार?

नापास औषधाची कमाल

मग औषध आले टॅमॉक्सिफेन. मुळात ते गर्भनिरोधक म्हणून तपासले जात होते आणि त्या परीक्षेत सपशेल नापास झाले होते. पण ते स्तनाच्या पेशींत ईआरच्या कुलपात जाऊन बसते आणि इस्ट्रोजेनला जागाच देत नाही. ब्रिटनमध्ये १९७३ साली आणि अमेरिकेत १९७७ साली या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. ईआर पॉझिटिव्ह स्त्रियांनी ते पाच वर्षे नेमाने घेतले, तर पुढच्या पंधरा वर्षांत या कॅन्सरने मृत्यू येण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. काहींना ते दहा वर्षेही देतात.

पाळी गेलेल्या स्त्रियांत अंडाशये थंडावलेली असली तरी चरबीसारख्या ठिकाणी थोडे इस्ट्रोजेन तयार होतच असते. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्या ते तयार होणेच थांबवतात. आत्याची गोळी यातलीच.

आता ‘‘गाठ काढली, मग गोळी कशाला?’’ या प्रश्नाकडे वळू. ऑपरेशनच्या आधीच एखाददुसरी पेशी शरीरात निसटून दडून बसलेली असू शकते. ईआर पॉझिटिव्ह आजार बहुधा सावकाश चालणारा, पण चिवट असतो. दहा-पंधरा वर्षांनीही तो डोके वर काढू शकतो. गोळी चालू आहे ती त्या दडलेल्या पेशींसाठी.

तिसरी ओळ : हर-टू

हर-टू हा वाढीचा संदेश घेणारा दुसरा रिसेप्टर. निरोगी पेशीवरही तो थोडा असतो. पण १५ ते २० टक्के गाठींत त्याचा जनुक भरमसाट वाढतो आणि पेशीच्या पृष्ठभागावर या रिसेप्टरची गर्दी होते. अशी गाठ वेगाने वाढते. लॉस एंजेलिसच्या डॉ. डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली हे दाखवून दिले. पुढे नेमके याच रिसेप्टरला जाऊन चिकटणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध निघाले. अमेरिकेत त्याला १९९८ साली परवानगी मिळाली. एके काळी जो प्रकार सर्वांत वाईट समजला जाई, त्याचे भवितव्यच त्याने पालटले. वहिनींचे महागडे इंजेक्शन ते हेच. ते हृदयावर ताण आणू शकते, म्हणून मधूनमधून इको तपासणी करतात. भारतातही हे औषध तयार होऊ लागल्यापासून त्याची किंमत पूर्वीपेक्षा उतरली आहे.

आत्याच्या गाठीत हर-टू वाढलेला नव्हता. ते इंजेक्शन तिला देऊन खर्च झाला असता, गुण आला नसता. आणि वहिनींची गाठ ईआर निगेटिव्ह होती, त्यामुळे आत्याची गोळी त्यांना निरुपयोगी.

तिन्ही निगेटिव्ह असतील तर?

‘निगेटिव्ह’ शब्द ऐकून कुणी हुश्श करू नये. तिन्ही रिसेप्टर नसलेल्या गाठीला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. ती तरुण वयात अधिक दिसते आणि भारतात तिचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळते. ती उग्र असते, परतलीच तर बहुधा पहिल्या तीन ते पाच वर्षांत. पण तीच केमोथेरपीला अनेकदा चांगली दाद देते. पहिली काही वर्षे नीट पार पडली, की धोका झपाट्याने उतरतो. अशा रोग्यांना बीआरसीए या जनुकांची तपासणी सुचवली जाते, कारण त्या उत्तराशी बहिणी आणि मुलींचेही आरोग्य जोडलेले असते.

एवढे लक्षात ठेवा

• बायॉप्सी झाली की ईआर, पीआर आणि हर-टू या तिन्ही तपासण्यांचा निकाल मागून घ्या.

• हर-टू ‘२+’ आला तर निकाल अर्धवट आहे. ‘फिश’ ही पुढची तपासणी करावी लागते.

• रिपोर्टच नव्हे, गाठीचे मेणातले ठोकळे (ब्लॉक) आणि काचा (स्लाइड) यांचीही चौकशी करून त्या जपा. पुन्हा तपासणीसाठी त्या लागतात.

• आजार उलटला तर शक्य तेथे नव्याने बायॉप्सी करतात, कारण रिसेप्टर बदललेले असू शकतात.

• गोळीमुळे अंगाची आग होते, सांधे धरतात, हाडे विरळ होतात. त्यावर उपाय आहेत. पण गोळी मनाने बंद करू नका. टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला किंवा पायाला सूज आली, तर त्वरित डॉक्टरांना दाखवा.

• टॅमॉक्सिफेन घेताना गर्भधारणा टाळा. पाळी जातानाच्या त्रासासाठी परस्पर हार्मोनच्या गोळ्या घेऊ नका.

• हा आजार क्वचित पुरुषांनाही होतो आणि तो बहुतेक वेळा ईआर पॉझिटिव्हच असतो. घरातल्या पुरुषांनीही छातीतली गाठ अंगावर काढू नये.

आत्याला हे सगळे सांगायला तासभर लागला. दुसऱ्याच दिवशी ती फाइल घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी रागे न भरता गोळी पुन्हा सुरू केली, सांधेदुखीसाठी व्यायाम आणि कॅल्शियम लिहून दिले. परवा तिचा फोन आला, ‘‘वहिनींचं औषध वहिनींना, माझं मला. आता नाही हो तुलना करत!’’ मग थोडे थांबून म्हणाली, ‘‘पण हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं, तर दोन महिने वाया गेले नसते.’’

म्हणून म्हणते, दवाखान्यातून उठण्यापूर्वी रिपोर्टवरच्या त्या तीन ओळींवर बोट ठेवा आणि विचारा, ‘‘डॉक्टर, याचा अर्थ काय?’’