गरिबाची गाय आणि सरकारची लस

शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचा परिसर पर्जन्यछायेचा. या तालुक्यात कालव्याचे पाणी ज्यांच्या शिवारात आले त्यांचा ऊस उभा राहिला. ज्यांच्या वाट्याला माळ आला त्यांच्या दारात शेळी राहिली. कुकडीपलीकडे पारनेर तालुका. तेथील धनगरांचे वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून, मेंढरे घेऊन वर्षातील कित्येक महिने गावोगाव हिंडत असतात. या माणसांपाशी जमीन थोडी वा मुळीच नाही. त्यांची सारी मत्ता चार पायांवर चालते, आणि म्हणूनच ती आठ दिवसांत नाहीशी होऊ शकते.

पीपीआर हा विषाणूजन्य रोग नेमके हेच करतो. गुराढोरांच्या बुळकांडीचा हा सख्खा भाऊ. 1942 साली आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये त्याची प्रथम नोंद झाली, 1987 साली तो तमिळनाडूत आढळला आणि पुढे देशभर पसरला. जनावराला जोराचा ताप येतो, नाका-डोळ्यांतून स्राव वाहतो, तोंडात व्रण पडून चारा तुटतो, हगवण लागते. गाभण मेंढ्या गाभडतात. लस न मिळालेल्या कळपात तो शिरला तर निम्म्याहून अधिक जनावरे दगावू शकतात. अशा वेळी मेलेल्या जनावरांइतकेच नुकसान जगलेल्यांच्या विक्रीत होते. रोगाची वार्ता फुटताच व्यापारी भाव पाडतो आणि भेदरलेला मेंढपाळ पडेल त्या किमतीला उरलेला कळप देऊन टाकतो. मग सावकाराचा उंबरठा.

लसीचा खरा परिणाम येथे मोजावयास हवा. लसीने शेळीचे दूध वाढत नाही की मेंढीचे वजन वाढत नाही. लस मेंढपाळाला घाईने न विकण्याचे बळ देते. मुलीचे लग्न, दवाखाना, मुलांची पुस्तके यांसाठी केव्हा आणि किती जनावरे विकावयाची, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्या हाती राहतो. दोन शेळ्यांवर घरखर्च भागविणाऱ्या भूमिहीन बाईला तर याखेरीज दुसरी बँक नाही.

आणि ही लस चांगली आहे. ती मुक्तेश्वरच्या संशोधन केंद्रात तयार झाली. ज्या संस्थेचे हे केंद्र, तिचा आरंभ 1889 साली पुण्यात झाला होता. एका टोचणीने किमान तीन वर्षे संरक्षण मिळते. रोगातून बरे झालेले जनावर पुढे आयुष्यभर विषाणू बाळगीत नाही, त्यामुळे रोगाचे समूळ उच्चाटन शक्य आहे. बुळकांडी 2011 साली जगातून हद्दपार झाली. पीपीआरसाठी 2030 ची मुदत ठरली आहे. लसीकरणाचा खर्च केंद्र सरकार उचलते. मग अडते कोठे?

2022 साली महाराष्ट्रात लम्पी आला तेव्हा फारसे काही अडले नाही. यंत्रणा गोठ्यागोठ्यांत पोहोचली, काही आठवड्यांत राज्यातील बहुतेक गोवंशाला लस टोचली गेली, मेलेल्या दुभत्या गाईमागे 30,000 आणि बैलामागे 25,000 रुपये भरपाई जाहीर झाली. हे योग्यच झाले. परंतु तेव्हा गाईंना टोचलेली लस शेळ्यांच्या देवीची होती, हे कितीजणांच्या ध्यानात आहे? त्याही आधी, 1920 च्या दशकात, मुक्तेश्वरला बुळकांडीची लस सिद्ध झाली ती विषाणू शेळ्यांच्या अंगातून काढून सौम्य करूनच. शेळीने गाईला दोनदा तारले. परतफेडीची वेळ आली की मात्र मनुष्यबळ अपुरे पडते! गाईच्या पाठीशी दूधसंघ उभे असतात. मेंढरामागे फक्त काठी घेतलेला मेंढका असतो.

2019 च्या पशुगणनेप्रमाणे राज्यात सुमारे 1 कोटी 6 लाख शेळ्या आणि 27 लाख मेंढ्या आहेत. वर्षातून एक दिवस शिबिर भरवून त्यांचे रक्षण होणार नाही. तीन-चार महिन्यांच्या आतील पिलांना आईकडून आलेल्या प्रतिकारशक्तीमुळे लस नीट लागू पडत नाही, आणि कळपात नवी पिले सतत येतात. आज सुरक्षित असलेला कळप दोन वर्षांत अर्धा उघडा पडतो. शिवाय फिरता वाडा कोणत्याच दवाखान्याचा नसतो: घरच्या तालुक्यात तो गैरहजर, परक्या तालुक्यात पाहुणा.

मेंढपाळ लसीला भितात, अशी तक्रार ऐकू येते. त्यांच्या भीतीला कारण आहे. रोग कळपात शिरल्यावर धावतपळत लस टोचली, तर आधीच बाधा झालेली जनावरे मरतातच आणि दोष सुईवर येतो. गाभण मेंढी धसमुसळेपणाने धरली तर तीही गाभडते. अडाणीपणाचा शिक्का मारण्याऐवजी लस वेळेवर आणावी.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. वाडे दिवाळीनंतर बाहेर पडण्यापूर्वीच घरच्या गावी लसीकरण व्हावे. पिलांसाठी दुसरी फेरी ठरलेली असावी. मुक्कामाच्या ठिकाणी फिरती पथके जावीत. आणि लसीची नोंद मेंढपाळाच्या हाती अशी असावी की ती कोणत्याही तालुक्यात चालेल. कार्यकर्त्यांनी हे ठराव ग्रामसभांत मांडावेत आणि ठरावावर न थांबता पथकाबरोबर वाड्यावर जावे. कळप सकाळी वाघुरीतून सुटला की दिवसभर सापडत नाही. लस बर्फात ठेवून, तो सुटण्यापूर्वी तेथे पोहोचावे लागेल.