स्मार्ट पाणी मीटर हवेचंही बिल लावतं का?

पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेत एएमआर मीटर बसतायत. असे मीटर कुठेही बसले की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: "नळाला पाणी यायच्या आधी हवा येते, तिचंही बिल लागतं." दुसरा लगेच लिहितो, "नाही रे, हे स्मार्ट आहे." अर्धं बरोबर दोघांचंही आहे.

आधी 'स्मार्ट' शब्दाचा घोळ मिटवू. एएमआर म्हणजे मीटरमधला आकडा रेडिओने बाहेर पाठवायची सोय, बस्स. रीडिंग घेणाऱ्याला झाकण उघडून वाकून बघावं लागत नाही. पाणी मोजण्याची पद्धत ही वेगळीच गोष्ट. जुन्या पद्धतीच्या चक्रीवाल्या मीटरलाही रेडिओ जोडता येतो. माझं रोजचं काम सेन्सरकडून येणारा डेटा हाताळण्याचं, त्यामुळे हे ठामपणे सांगतो: आकडा चुकीचा मोजला असेल, तर सॉफ्टवेअर तो चुकीचा आकडाच अगदी व्यवस्थित पोचवतं.

चक्रीवाल्या मीटरमध्ये पाणी पात्यांवर आदळतं, चक्री फिरते, फेऱ्यांवरून लिटर ठरतात. हवा जोरात आली तरी चक्री फिरते. म्हणजे तक्रार खोटी नाही. पाणी दिवसातून दोन तास येत असेल, तर प्रत्येक वेळी रिकामी पाइप भरताना आतली हवा मीटरमधूनच बाहेर पडू शकते. हवा काढणारा व्हॉल्व्ह मीटरच्या आधी बसवला तर हा त्रास बराच कमी होतो. पाणी २४ तास दाबाखाली असेल तर प्रश्नच जवळपास संपतो. कराडजवळच्या मलकापूरने २४ तास पाणी आणि मीटर हे दोन्ही एकत्र केलं, ते मला म्हणूनच पटतं. आधी मीटर आणि पाणी 'नंतर बघू' हा क्रम उलटा आहे.

अल्ट्रासॉनिक मीटरमध्ये फिरणारा भागच नसतो. दोन सेन्सर एकमेकांकडे ध्वनीलहरी सोडतात, एक प्रवाहाच्या दिशेने, एक उलट. प्रवाहासोबत जाणारी लहर किंचित लवकर पोचते. किती किंचित? पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १४८० मीटर. सेन्सरमध्ये १० सेंमी अंतर आणि पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर धरला, तर फरक येतो जेमतेम ९० नॅनोसेकंद! एवढ्या फरकावरून आपलं बिल ठरतं. पाइपमध्ये नुसती हवा असेल तर सिग्नलच नीट पोचत नाही, म्हणून असं मीटर सहसा हवा मोजत नाही. पाणी-हवा मिसळून आली तर मात्र तेही गोंधळू शकतं.

मोठ्या पाइपांवर आणि कारखान्यांत इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर भरपूर दिसतात. चुंबकीय क्षेत्रातून पाणी वाहिलं की फॅरेडेच्या नियमाने व्होल्टेज तयार होतं, ते वेगाच्या प्रमाणात असतं. गढूळ पाणी, सांडपाणीसुद्धा चालतं. पण द्रव वीजवाहक हवा, त्यामुळे पेट्रोल-डिझेलला हे निरुपयोगी. म्हणून पंपावर पिस्टनवालं मीटर असतं, ठरलेल्या मापाचे 'घोट' मोजणारं. (शंका आली तर पंपावर ५ लिटरच्या मापाने तपासून मागता येतं, लाजू नका.) सीएनजी किलोवर मिळतो, कारण दाब बदलला की वायूचं आकारमान बदलतं, तिथे थेट वस्तुमान मोजणारं कोरिओलिस मीटर लागतं. महाग असतं, घरच्या पाण्याला कोणी लावणार नाही.

आपल्या मीटरकडे परत येऊ. डायलवर R80, R160 असं काही छापलेलं असतं, ते बघा. ताशी २.५ घनमीटर क्षमतेचं मीटर R80 असेल तर अचूकतेची हमी ताशी साधारण ३१ लिटरपासून सुरू होते, R160 असेल तर साधारण १६ पासून. म्हणजे टाकीचा व्हॉल्व्ह बारीक धारेने गळत असेल, तर एक मीटर ते पकडेल, दुसरं कदाचित सोडून देईल. शिवाय बाणाची दिशा प्रवाहाप्रमाणे आहे का आणि मीटरला अगदी चिकटून एल्बो किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह आहे का, तेही बघा. वळणानंतर पाणी घुसळत येतं आणि चांगलं मीटरही फसतं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये प्रश्न विचारायचाच असेल तर "मीटर स्मार्ट आहे का?" हा नको. मीटर कोणत्या पद्धतीचं आहे, R किती आहे, एअर व्हॉल्व्ह कुठे बसवलाय आणि पाणी दिवसाला किती तास येणार, हे विचारा.