पारोचं कौतुक, भाचीची चौकशी

माझी भाची म्युनिकला नोकरी करते. घटस्फोटानं पार खचली होती. आता तिथल्याच एका जर्मन माणसाशी लग्न करतेय. पडेगावात बातमी पोचली आणि शेजारणी विचारू लागल्या, "काकू, आपल्यातला कुणी मिळाला नाही का?"

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला आला आणि तिथल्या पारो नावाच्या तरुणीत गुंतला. १८५६ मध्ये ती गेली. तिची कबर अजिंठा गावात आहे. ना. धों. महानोरांनी या प्रेमावर दीर्घकविता लिहिली, २०१२ मध्ये नितीन देसाईंनी सिनेमा काढला. घरी बायकामुलं असलेल्या साहेबाचं प्रेम आपण डोक्यावर घेतो आणि रीतसर मोकळ्या झालेल्या लेकीला जात विचारतो!

कायदा आपल्यापेक्षा मोठ्या मनाचा. १९६९ च्या परदेशी विवाह कायद्यानुसार जोडप्यातलं एक जण भारतीय नागरिक असलं, तरी परदेशात भारतीय विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न लागू शकतं.

काळजीच असेल, तर विचारा: त्याची कागदपत्रं पाहिलीस का? व्हिसा तुझ्या नोकरीवर आहे की त्याच्या? अडचणीत तिथं कुणाला फोन करशील? मी एवढंच विचारलं आणि माझा पासपोर्ट नूतनीकरणाला टाकला.