तळे फक्त मासळीच्या काट्यावर तोलणारे

आफ्रिकेतली मत्स्यशेती फसली, असे म्हणणाऱ्यांकडे पुरावे तयार असतात. बेल्जियन काँगोत वसाहतकाळात हजारो तळी खणली गेली आणि पुढे ओसाड पडली. केनियाने 2009 च्या आर्थिक चालना कार्यक्रमात निवडलेल्या प्रत्येक मतदारसंघाला 300 चौरस मीटरची 200 तळी दिली, पहिले मत्स्यबीज आणि खाद्यही दिले. मदत आटली तशी बरीच तळीही आटली.

दाखले खरे आहेत, निष्कर्ष चुकीचा. मतदारसंघ पाहून तळी वाटली की पाणी धरणारी माती कुठे आहे, हे विचारायचे राहून जाते. खाद्य विकत घ्यावे लागणारे आणि शेताशी संबंध नसलेले तळे टिकत नाही, एवढेच यातून कळते.

मलावीतल्या झोम्बा भागातले तळे पाहा. ते ‘दिंबा’त, ओढ्याकाठच्या ओलसर सखल जमिनीत असते. मक्याचा कोंडा, शेण, भाजीचा पालापाचोळा त्यात पडतो आणि त्यावर चिलापीच्या कुळातले मासे वाढतात. (आपल्या उजनीत सापडणारी चिलापीही मूळची आफ्रिकेचीच.) तळ्याचे पाणी भाजीला जाते, उपसलेला गाळ शेतात पडतो. नव्वदच्या दशकातल्या दुष्काळात काही तळी आटली, तेव्हा शेतकऱ्यांनी तळाच्या ओलीवर पीक घेतले. मासळीच्या नोंदवहीत अशा तळ्यापुढे शून्यच लिहिले जाणार!

दुसरा आक्षेप असा की, शेतकरी मासे विकतो, पोरांच्या ताटात काय पडते? डिसेंबर ते मार्च, जुना मका संपलेला आणि नवा यायचा असताना मासे विकून घरात मका आला, तर त्याला अन्नसुरक्षा नाही तर काय म्हणायचे?

उत्साही मंडळींचेही मला पटत नाही. इजिप्त वर्षाला दहा लाख टनांहून अधिक मासे पिकवतो, मग मलावीनेही नाईल तिलापिया ही चिलापीची परकी जात आणावी, हा त्यांचा हट्ट. इजिप्तकडे खाद्याचे कारखाने आहेत, मोठ्या शहरांची गिऱ्हाइकी आहे. मलावीने परक्या जातीला मज्जाव केला तो ‘चाम्बो’सारख्या स्थानिक माशांत संकर होऊ नये म्हणून, आणि तो योग्यच आहे. अतिमासेमारीने मलावी सरोवरातला चाम्बो आधीच खचला आहे.

मात्र ज्याच्याकडे दिंबाच नाही, त्याला तळ्याचा उपयोग नाही. त्याच्या पातेल्यात पडते ती सरोवरातली स्वस्त, सुकवलेली ‘उसिपा’ ही छोटी मासळी. तेव्हा तळ्यांसाठी पैसा जरूर द्यावा, पण सरोवराच्या राखणीतून कापून नव्हे.